टेकाड उतरलेली माणसं

होडीत आधी माझी पत्र्याची पेटी ठेवली, मग मला बसवलं. वडील, म्हणजे आमचे आबा, वल्ह्याला होते. माय काठावर उभी होती, पदर खोचलेला, हात शेणानं भरलेले. मी पाचवीला शहरात शिकायला निघाले होते. आमच्या टेकाडावरून अशी निघालेली मी पहिलीच पोर. शेजारच्या भागूकाकूनं डोळ्याला पदर लावला. माय रडली नाही. एवढंच म्हणाली, "मागं बघत बसू नको. होडी डुलती." होडी सुटली तशी ती वळून वर चालूसुद्धा लागली.

तुमच्यातले काही जण त्या दिवशी काठावर होतात, म्हणून तुम्हाला लिहितेय. काही जण माझ्यामागून उतरलात आणि आता पैठणला, वाळूजला, पुण्याला आहात. ज्यांना आमचं टेकाड माहीत नाही त्यांना सांगते, ते नाथसागराच्या पाण्यात होतं. दहा-बारा घरं, एक मोठा लिंब, एक शेंदराचा मारुती. पावसाळा सरला की चारी बाजूंनी पाणी. उन्हाळ्यात पाणी हटलं की एका अंगानं चिखलातून चालत जाता यायचं. एरवी सगळा कारभार होडीचा. दळण होडीनं, दवाखाना होडीनं, नवरी होडीनं आणि मयतसुद्धा होडीनंच.

शहरात मी आत्याकडं राहिले. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गुलमंडीवर कापडाच्या दुकानात कामाला होते आणि मागच्याच गल्लीत त्यांची दीड खोली होती. तेव्हा मला असं वाटायचं की कुठल्याही दिशेनं निघालं तरी थोड्या वेळानं पाणी लागतंच. एका दुपारी मी पाणी बघायला म्हणून निघाले. दुकानांमागून दुकानं गेली, पैठण गेट आलं, तरी पाणी लागेना. मला काही कळेना आणि मी रस्त्यातच रडायला लागले. एका बांगड्यावाल्या चाचीनं हात धरला. "किसकी बच्ची है गे तू? किधर रहती?" मी म्हणाले, "टेकाडावर." ती बिचारी मला घेऊन गल्लोगल्ली टेकाड विचारत फिरली.

शाळेत भूगोलाच्या बाईंनी बेट शिकवलं. चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन. मी उभी राहून म्हणाले, "बाई, आमचं गाव बेट आहे." बाईंनी कौतुकानं विचारलं, "कोकणातली का तू?" मी म्हणाले, "नाही, इथलीच, पैठणकडची." सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या.

दिवाळीला आबा न्यायला आले तेव्हा होडीत बसल्या बसल्या मी त्यांना विचारलं, आपलं बेट आहे की नाही. आबा वल्हं मारता मारता म्हणाले, "बेट कशाचं गं? टेकाडच ते. गाव खाली होतं. धरण भरलं अन् गाव पाण्यात गेलं. भाऊबंद उठून दुसरीकडं गेले. आपलं अन् आणखी काहींचं वरचं रान वाचलं, म्हणून आम्ही वर येऊन राहिलो."

मी होडीतून वाकून पाहिलं. खाली नुसतं गढूळ पाणी. याच्या तळाशी गाव आहे, रस्ता आहे, दारं आहेत, हे मला पटेचना. मला तर पाणी आधीपासूनचं वाटत होतं, आभाळासारखं. मोठ्यांवर जे संकट आलं होतं त्यालाच मी आपलं गाव समजत होते. तेव्हापासून माझा जो गोंधळ उडाला तो आजतागायत आहे.

पुढं शिकले, लग्न झालं, गारखेड्यात फ्लॅट झाला. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. शहराचं नाव बदललं, माझं आडनाव बदललं. आमच्या सोसायटीत काही दिवसांआड नळ येतो आणि बायका मोटारी लावायला धावतात. ते पाणी नाथसागरातूनच, म्हणजे जायकवाडी धरणातूनच येतं. मैत्रिणी म्हणतात, जायकवाडी भरलं, यंदा चिंता नाही. मीही हो म्हणते. धरण भरलं म्हणजे तिकडं कचरूला, माझ्या धाकट्या भावाला, चिखलवाटही उरली नाही, हे माझ्या मनात येतं. कुठल्या बाजूनं बोलावं ते मला कधीच ठरवता आलं नाही.

आबा गेल्यावर कचरू आणि त्याची बायको मायला घेऊन टेकाडावरच राहिले. मासेमारी करायची आणि पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात गहू-हरभरा पेरायचा, असं त्यांचं चालायचं. पण टेकाडावरची चौथीपर्यंतची शाळा बंद झाली आणि एकेक घर उतरत गेलं. गेल्या वर्षी दिवाळीआधी कचरूचा फोन आला.

"अक्का, आम्ही बी उतरायलो. वाळूजला एका कंपनीत काम लागलंय. दोन खोल्या बघितल्यात. मायला मात्र तू ने. तिथं जिना लई आहे."

मी चिडले. टेकाड असं सोडायचं असतं का, आबांनी एवढं राखलं, मारुतीला दिवा कोण लावील, असं बरंच बोलले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू येती का राहायला? ये. घराची किल्ली देतो." आवाजात राग नव्हता. मी फोन कानाला धरून किचनमध्ये उभी राहिले. मिक्सरचं भांडं हातात होतं.

मायला आणायला गेले तेव्हा मी मनाची तयारी करूनच गेले होते. तिला समजवायचं, तिच्याजवळ बसायचं, रडली तर रडू द्यायचं. टेकाडावर पोचले तर माय उंबऱ्यावर तयार होऊन बसलेली. नवं लुगडं, चापूनचोपून बसवलेले केस, शेजारी गाठोडं. रडायला आलं ते मला. लिंबाखाली उभी राहून मी हुंदके द्यायला लागले.

"काय गं, रडायलीस कशाला?" माय म्हणाली. "कुणाचं काय झालं?"

"तुला काहीच वाटत नाही का माय? घर सुटायलंय आपलं."

"माझं घर खाली आहे," ती म्हणाली. पाण्याकडं बोटही केलं नाही, नुसती मान हलवली. "लगीन होऊन आले ते खालच्या घरात. एक संक्रांत केली तिथं. मंग पाणी आलं. तुझा बाप म्हणला, दोन वरसं वर काढू, मंग उतरू. त्यो गेला, तरी मी इथंच. उतरायचं म्हणूनच बसले होते मी."

इतकी वर्षं मनात राहिलेलं मग मी विचारूनच टाकलं. "मी शाळेला निघाले तव्हा तू रडली का नाहीस?"

मायला आधी आठवेना. मग म्हणाली, "कशाला रडू? एक तरी उतरली म्हणून बरं वाटलं."

होडीत ती माझ्या पुढं बसली. मी मागं बघत राहिले. ती पुढं.

गारखेड्यात मायचं कसं होईल याची मला धास्ती होती. तिचं छान चाललंय. सकाळी बागेत चालायला जाते, तिथं तिच्या चार मैत्रिणी झाल्यात. भाजीवाल्याशी हिंदीत भांडते. नळ आला की सगळ्यात आधी तिलाच कळतं. ती भरभरून पाणी वापरते आणि म्हणते, "दारात पाणी येतंय, अन् बाहेर जायला रस्ता बी आहे. आणखी काय पायजे?" रुसले आहे ती मीच. लिंबाची आठवण मी काढते आणि ती टीव्हीचा आवाज वाढवते.

यंदा पाणी लवकर हटलं. कचरूनं सुट्टी काढून गाळात हरभरा पेरला होता. काढणीच्या आधी त्यानं आम्हा दोघींना बोलावलं. माय येणार नाही असं मला वाटलं होतं, पण ती निघाली. गाडी अगदी बांधापर्यंत गेली. पुढं आम्ही कोरड्या, भेगा पडलेल्या गाळावरून चालत निघालो.

टेकाड लागायच्या आधीच माय वाट सोडून उताराला वळली. खाली बुडालेल्या घरांची काही जोती उघडी पडली होती. जुन्या गावातली एक म्हातारी, सुना-नातवंडांना घेऊन आलेली, तिथंच फिरत होती. दोघींनी एकमेकींना ओळखलं आणि लगेच वाद सुरू झाला. हा दगड तुमच्या ओसरीचा की आमच्या गोठ्याचा. माय कंबरेवर हात ठेवून भांडत होती, मधेच हसत होती. मी तिला एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तिनं मला हाक मारली. "खाली ये गं. आपलं घर बघ. इथं चूल होती."

तेवढ्यात वरून कचरूची हाक आली. त्यानं टेकाडावरच्या घरासमोर तीन दगड मांडून चहा ठेवला होता. "अक्का, वर ये. लिंबाला पालवी फुटलीय बघ."

मी उतारावर मधोमध होते. खाली मायचं घर, जे मी कधी पाहिलं नाही. वर माझं घर, जे मायला कधी घर वाटलं नाही. दोन्हीकडून हाका येत होत्या, आणि पाय कुठंच निघेना. शेवटी मी तिथंच एका ढेकळावर बसले. थोड्या वेळानं माय धापा टाकत वर आली, कचरू पातेलं आणि कप घेऊन खाली आला, आणि आम्ही तिघांनी तिथंच बसून चहा घेतला.

चहा संपल्यावर माय उठली, लुगड्याची माती झटकली आणि म्हणाली, "चला, घरी जाऊ."

कचरूनं आणि मी एकदमच टेकाडाकडं पाहिलं. माय गाडीच्या दिशेनं चालायला लागली होती.