न धुतलेला पंप

आख्ख्या चाकूर तालुक्यात उसातल्या तणाबद्दल आमच्या थोरल्या मेहुण्यांइतकं कमी माहीत असलेला आणि त्यांच्याइतकं जास्त बोलणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. बायकोचे भाऊ, म्हणून ऐकून घ्यावं लागतं. तणनाशकाबरोबर माहितीचा कागद येतो, तो ते चष्मा नाही म्हणून वाचत नाहीत. चष्मा दिला तर म्हणतात, "कंपनीवाल्यानं आपली जमीन बघितली हाय का?" मग औषध मोजायचं बाटलीच्या झाकणानं, आणि वर एक झाकण लव्हाळ्याच्या नावानं. लव्हाळा दरसाल दुपटीनं उगवतो.

फवारताना ते उलटे चालतात. फवारलेल्या मातीवर पाय पडला तर औषधाचा थर मोडतो, हे त्यांनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं, आणि बरोबरच ऐकलं. पण हे फक्त तण उगवायच्या आधीच्या फवारणीला लागू, हे ऐकायच्या आत जेवायला उठले. त्यामुळं लागणीनंतरची फवारणी असो की गुडघाभर उसातली, हा माणूस मागं मागं चालतोच. एकदा असेच पाठीवरच्या पंपासकट पाण्याच्या पाटात बसले. वर मलाच म्हणाले, "दाजी, मास्तर असून तुमाला ओरडता येत न्हाई व्हय?"

पंप मात्र कधी धुणार नाहीत. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, नाहीतर निदान तीनदा धुवा, हे सांगून सांगून मी थकलो. "पंप काय ताट हाय का, दाजी? कुणाला जेवायला वाढायचं हाय त्यात?"

उसाच्या कडेला बायकोनं वांग्याच्या चार सऱ्या लावल्या होत्या. बी तिच्या आईच्या हातचं, शेवटचं. आई मागच्या साली गेल्या. यातूनच पुढचं बी धरायचं होतं. वांग्यांवर अळी दिसली आणि भाऊरायांना माया दाटून आली. सकाळी उसातलं रुंद पानाचं तण मारलं, दुपारी त्याच न धुतलेल्या पंपात अळीचं औषध ओतून वांग्यांवर फवारलं. आठ दिवसांत पानं पिळवटली, शेंडे वाकले, एक झाड राहिलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल बहिणीचा गेला. ती भांडली नाही. भावाशी बोलायचंच तिनं सोडलं.

मला वाटलं, चला, सुटलो. पण दर रविवारी हा गृहस्थ खुरपं घेऊन हजर. पंप नाही, भाषण नाही. दुखरे गुडघे घेऊन उसात बसायचा, लव्हाळा उपटत राहायचा, घराकडं बघायचा नाही. पाचव्या रविवारी बायको बांधावर गेली.

"दादा, आईच्या बियाण्याच्या डबीच्या तळाला पंधरा-वीस बिया निघाल्या. वाफ्यात रोपं टाकलीत. चल, जेवून घे."

ते मान खाली घालून जेवले. मग ताट उचलून स्वतः नळाखाली नेलं आणि धुतलं. एकदा, दोनदा, तीनदा. टोमणा माझ्या ओठावर आला होता, पण त्यांची पाठ हलताना दिसली. मी टॉवेल घेऊन नुसता उभा राहिलो.