कोरड्या भिंतीची खोली

कुंभारवाड्याकडचं आमचं घर तसं वाईट नव्हतं. पुढं भाताचं शेत, मागं रान, आणि ऐन उन्हाळ्यातही पंखा लागायचा नाही. पण लेकीला दमा निघाला आणि त्याच घरातल्या गोष्टी तिच्या जिवावर उठल्या. चुलीचा धूर, माळ्यावरचं गवत, पावसाळाभर ओल धरणाऱ्या मातीच्या भिंती. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध चालू ठेवा, पण घर कोरडं पाहिजे, धूर नको, आणि दवाखान्यापासून एवढ्या लांब राहू नका. आमच्याकडं बस कधी येईल ते ड्रायव्हरलाच ठाऊक. म्हणून दवाखाना असलेल्या रामनगरला भाड्यानं खोली बघायची ठरली.

आमचे हे टेंपो चालवतात, त्यांना सुट्टी मिळायची नाही. मग मी, दुसरीत शिकणारी लेक आणि सासूबाई अशा तिघी निघायचो. सासूबाईंना गाव सोडणं मुळीच मान्य नव्हतं. तरी त्या यायच्या, कारण त्यांच्याशिवाय मला कुणीतरी फसवणार अशी त्यांची खात्री होती.

पहिली खोली लाकडाच्या गिरणीमागं होती. मोठी, भाडंही कमी. लेकीनं उंबऱ्यातच शिंकायला सुरुवात केली आणि आम्ही चपला न काढताच परतलो. दुसरीला नवा रंग दिला होता, आणि त्या नव्या रंगावर एक भलं मोठं कॅलेंडर. मी सहज उचलून बघितलं तर खाली हिरवट डाग.

"पावसात जरा घाम येतो भिंतीला," घरमालक म्हणाले.

"मग पंखा तिलाच लावा," सासूबाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

चांगल्या खोल्याही होत्या, पण त्यांचं भाडं ऐकून आम्ही नुसतं पाणी पिऊन उठायचो. काही ठिकाणी मुलीच्या आजाराचं सांगितलं की घरमालकांना अचानक आठवायचं, की खोली पाहुण्यांसाठी ठेवलीय. एका बाईंनी तर सरळ विचारलं, "लागण हाय का हिची?" मी काही बोलायच्या आत लेकच म्हणाली, "न्हाई ओ, मला एकटीलाच हाय." त्या बाई हसल्या, पण खोली काही दिली नाही.

शेवटी बाजारातल्या भाजीवालीनं एका अक्कांचं घर दाखवलं. मुलं गोव्याला, घरात त्या एकट्या. अर्धं घर भाड्यानं द्यायचं होतं. जोतं उंच, खिडकी पूर्वेला. भिंतीला तळवा लावला तर कोरडी ठणठणीत. मी आजाराचं सगळं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "असंल की. आजारी माणसानं काय रस्त्यावर राहायचं?" भाडंही आम्हाला झेपेल एवढं केलं. अट एकच, पावसाळ्याआधी छपराची कौलं काढून परत नीट बसवून द्यायची.

आनंदानं मागचं दार उघडलं, तर आमच्या खिडकीला लागूनच अंघोळीच्या पाण्याची चूल. धडाडून पेटलेली.

"अक्का, एक बोलू? वाईट वाटून घेऊ नका," मी म्हटलं. "ही चूल इथं असली तर धूर सगळा आमच्या आत येणार."

"मग मी काय थंड पाण्यानं अंघोळ करू?"

मी सासूबाईंकडं बघितलं नाही. धुरानं कुणाला काही होत नाही, सगळं डॉक्टरांचं खूळ, असं त्या सुरुवातीपासून म्हणत आल्या होत्या. पण त्याच पुढं झाल्या.

"अक्का, मीबी जलमभर चुलीम्होरंच बसले. मलाबी पटत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण ह्या पोरीला मांडीवर घेऊन पाठ चोळलीय मी. श्वास आत जाता जात न्हाई तिचा. हलवा की वो चूल."

सासूबाईंनी कुणापुढं पदर पसरलेला मी तोवर पाहिला नव्हता. अक्का परसाच्या टोकाला असलेल्या फणसाकडं बोट करून म्हणाल्या, "तिकडं चालंल? पण पाणी कोण आणणार?"

"मी आणते की," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी ह्यांनी चुलीचे दगड फणसाखाली मांडून दिले. संध्याकाळचा धूपही अक्का तुळशीपाशी दाखवू लागल्या, कुणी न सांगता.

दमा काही गेला नाही. पहिल्याच पावसाळ्यात एका पहाटे लेकीला उचलून दवाखान्यात पळावं लागलं. पण दवाखाना जवळच, त्यामुळं दुपारी घरी येऊन तिनं पेज मागितली. आता शाळा फारशी बुडत नाही, आणि मीही निवांत झोपते.

सासूबाई थोडे दिवस गावाकडं, थोडे दिवस इथं असतात. इथं असल्या की दोघी म्हाताऱ्या फणसाखाली सुका बांगडा भाजत बसतात. गॅसवरच्या भाताला चव नसते यावर दोघींचं एकमत आहे. बाकी कशावरच नाही.