उल्केच्या कपाटाची किल्ली

मंडळी, आज आमच्याच विद्यापीठाच्या उल्का केंद्रावर भयंकर चिडून घरी आलेय.

पलूसकडच्या शाळेतली मुलं उल्कापाषाण बघायला आली होती. तो त्यांच्याच गावच्या उसात पडलेला. गावानं स्वतःहून आम्हाला संशोधनासाठी दिला.

आणि आम्ही मुलांना काय दाखवलं? पाहुण्यांचे सत्कार! शाल, नारळ, भाषण, पुन्हा शाल. मुलं बिचारी टाळ्या वाजवत बसली. शेवटी मी कपाट उघडायला गेले, तर किल्ली खिशात घालून आमचे सर पाहुण्यांबरोबर जेवायला गेलेले! तोवर मुलांची गाडी निघायची वेळ झाली.

गाडीत चढताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गावात हुता तवा आमाला हात लावून बघाय मिळत हुता."

उद्या तिथं दुसरा दगड पडला, तर कुठल्या तोंडानं मागायचा?