दक्षिण अमेरिकेचा बोनस

सलग पाचवा डावही दक्षिण अमेरिकेनेच मारला. मला काही उमगेना.

मी सेलूत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी बोर्डगेम आखतो. या गेममध्ये जगाचा नकाशा असतो, फौजा असतात. एखादा खंड पूर्ण ताब्यात आला की दर फेरीला जादा शिपाई मिळतात. त्याला बोनस म्हणतात. खंड राखायला जितका अवघड, तितका बोनस मोठा.

हे आकडे कंपनीतल्या आमच्या वैशालीने काढले होते. दक्षिण अमेरिकेत चार देश, शत्रू शिरायला दोनच वाटा, म्हणून बोनस दोन.

चाचणीला पालमचं एक घर होतं. मेंढरं राखणारे मारोतीमामा, मामी, त्यांचा मुलगा आणि चुडाव्याचे जावई. पहिली निवड दर वेळी जावयाची. ते दक्षिण अमेरिका घेत आणि जिंकत. मी बोनस एकवर आणला. पुढचे दोन डावही तेच जिंकले. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी पुण्याला कंपनीच्या मॅडमना फोन केला.

"मॅडम, वैशालीचं गणित चुकलंय."

"खात्री आहे?"

"सात डाव बघितलेत."

गेम बोनस एक धरून छापला गेला. वैशालीला त्या कामावरून काढलं. मग दुकानांतून तक्रारी आल्या, की दक्षिण अमेरिका कुणी घेतच नाही.

मी चक्रावलो. एसटीने पालमला गेलो, पुन्हा डाव मांडला. मामांची मोठी फौज आफ्रिकेत. समोर ब्राझीलमध्ये जावयाचा एकच शिपाई. मामा वळले आणि युरोपात मामींवर तुटून पडले.

"मामा, तुमी ब्राझीलमध्ये का शिरत नाही?"

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "पोरगी दिली त्या घरावर फौज धाडायची का?"

"अन् माज्यावर लय हौसेनं धाडायलेत!" मामी म्हणाल्या.



मॅडमना हे सांगायला मला चार दिवस लागले. त्या म्हणाल्या, "वैशालीला तुम्हीच सांगा."

सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "सात डावांत एकदाही त्यांना विचारलं नाहीत?"

नव्हतं विचारलं.

पुढच्या छपाईत बोनस पुन्हा दोन झाला. वैशाली मात्र त्या कामावर परतली नाही. आकडा बदलण्याआधी खेळणारे एकमेकांचे कोण लागतात, ते विचारून घ्यावं.