दोन याद्यांतलं एकच नाव

आमच्या नगरपालिकेत तिला सगळे धोकाताई म्हणत. आपत्ती व्यवस्थापनाचं टेबल तिच्याकडे होतं, आणि माझं टेबल तिला लागून, त्यामुळे तिची धुसफूस दिवसभर माझ्याच कानी.

धोरण वरून यायचं. त्याखाली नियमावली, तिच्याखाली आमच्या गावाचा आराखडा. दरवर्षी तो ‘अद्ययावत’ करायचा, म्हणजे आमच्या भाषेत मागच्या वर्षीचा काढून साल बदलायचं आणि साहेबांची सही घ्यायची. मीही तेच केलं असतं, खोटं कशाला बोलू. पण धोकाताई आराखड्यातल्या मदतीच्या यादीतल्या प्रत्येकाला फोन लावायची. दोन जण वारलेले निघाले. एका बोटीला बूड नव्हतं. एकच ट्रकवाला तीन याद्यांत सापडला, तेव्हा तिने त्याला ऑफिसात बोलावून झापलं.

“एकाच वेळी तीन ठिकाणी जाणार आहेस का? पंख फुटलेत तुला?”

ट्रकवाला म्हणाला, “ताई, मला कुणी विचारलंच नाही.”

तिला बसवत नसे. जेवताना मध्येच उठून नदीकाठच्या मोजपट्टीवरचा आकडा बघून येई. मागच्या पुरात टेबलावरचा कारकून आपल्या घरच्यांना काढायला पळाला होता आणि फोन तासभर वाजत राहिला होता. तिने आराखड्यात नियम अकरा घुसडला: बदली माणूस आल्याशिवाय टेबल सोडू नये. तो कसा लिहावा यावर ती थोरल्या भावाशी आठवडाभर वाद घालत होती. हा दादा बॉयलरपाशी तीस वर्षं राबला आणि त्यात कान गमावून बसला. नदीच्या खालच्या अंगाला एकटाच राहायचा. ती लिहून दाखवायची, तो मोठ्याने भांडायचा.

ज्यांना सायरन ऐकू येत नाही किंवा चालता येत नाही, त्यांची वेगळी यादी होती. प्रत्येकासमोर रकाना: कोण नेणार. दादाचं नाव असलेल्या पानाची प्रत तिने स्वतः त्याच्या कपाटाच्या दारावर चिकटवली होती.

त्या दिवशी दुपारी वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला. सायरन वाजला. टेबलावर ती, मदतीला मी, समोर तारेचा फोन. तेव्हा हातातले फोन साध्या बटणांचे होते. तासाभरात खालच्या गल्ल्या रिकाम्या होत आल्या. मग दादाच्या शेजारच्या शिवणकामवालीचा फोन आला.

“ताई, ते हलत नाहीत. पाणी पायरीला लागलंय. हाताला धरलं तर झटकतात. कपाटावरचा कागद दाखवतात आणि म्हणतात, बहीण येणार आहे.”

धोकाताईने आराखडा उघडला. दादासमोर, कोण नेणार: तिचं नाव. पहिल्या पानावर, टेबल कोण सांभाळणार: तिचंच नाव. गावभरच्या याद्यांतून दुबार नावं वेचून काढणारी ही बाई, आणि स्वतःचं नाव तेवढं तिच्या नजरेतून सुटलं होतं.

ती उठली. खुर्ची मागे पडली. दुसरा फोन वाजत होता, शाळेतल्या छावणीचा. बदली माणूस पुलापलीकडे अडकलेला. मी म्हटलं, “जा तुम्ही, मी बघते.” पण कुठली बोट कुठे आहे हे मला सांगता आलं नसतं. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. तिने वर्षभर शिकवलेलं मी कधी ऐकलंच नव्हतं.

ती उभ्यानेच शिवणकामवालीशी फोनवर बोलली. “त्याच्या डोळ्यांदेखत माझं नाव खोड. तुझं लिही. खाली लिही, नियम अकरा. एवढंच.”

फोन चालूच होता. तिचा अंगठा टेबलाची कड खरवडत होता. मग पलीकडून शिवणकामवाली म्हणाली, “वाचलं. शिवी दिली. चप्पल शोधतायत.”

संध्याकाळी बदली माणूस आल्यावर आम्ही दोघी शाळेत गेलो. दादा वर्गातल्या बाकावर बसला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं त्याने विचारलं, “तू येणार नव्हतीस, तर नाव कशाला घातलंस?”

तिने फळ्यावर खडूने लिहिलं: मला वाटलं होतं, मी येईन.

त्याने वाचलं. मग बाकावर सरकून तिला जागा करून दिली.

आता त्या रकान्यात शिवणकामवालीचं नाव आहे. पण सायरनची नुसती चाचणी असली तरी धोकाताई खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसते, आणि तो थांबेपर्यंत सोडत नाही.