वारा काय म्हणते

कुठेही बसायच्या आधी ते वाकायचे, चिमूटभर गवत उपटायचे, हात डोक्याच्या वर नेऊन सोडून द्यायचे आणि ते कुठे पडतं ते बघायचे. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायचे, "वारा काय म्हणते?"

मी पुण्याचा. 'म्हणते नव्हे, म्हणतो' हे वाक्य पहिले सहा महिने माझ्या जिभेवर तयार असायचं. पण ते चंद्रपूरकडचे. तिकडे वाराही म्हणते आणि सूनही म्हणते. बोलणाऱ्यात भेदभाव नाही. शिवाय माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. पुण्यात आम्ही वाऱ्याचं व्याकरण सांभाळलं, पण त्याला कधी काही विचारलं नाही.

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत, आमच्या रस्त्यावर सगळ्यांची हिरवळ एकाच उंचीची. ती कापायची, खत घालायची, तिच्याशी गोड बोलायचं. उपटायची मात्र नाही. त्यामुळे त्यांनी पहिल्यांदा चिमूट भरली तेव्हा समोरचे अमेरिकन आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. एकदा आम्ही त्यांना मॉलमध्ये नेलं. तिथे गवत नाही, म्हणून त्यांनी पेपर नॅपकिनचा तुकडा सोडला. तो तरंगत जाऊन एका बाईच्या आइस्क्रीममध्ये पडला. "वारा वरून येते," ते एसीच्या जाळीकडे बोट दाखवून मला म्हणाले, आणि मग बाईंना हात जोडले.

ते आमच्या शेजारच्या मधुकरचे वडील. नात त्यांना आबाजी म्हणायची, म्हणून आमचं सगळं महाराष्ट्र मंडळ आबाजी म्हणायचं. नोकरीतून निवृत्त, बायको गेलेली, म्हणून मधुकरने त्यांना हट्टाने अमेरिकेत आणलेलं.

"फॉरेस्टमध्ये ऑफिसर होते," असं मधुकरने मंडळाच्या पहिल्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, सांगितलं. संक्रांतीपर्यंत लोकांनी त्यांना रेंजर केलं, गुढीपाडव्याला कन्झर्वेटर. त्या वर्षी मंडळाचा सेक्रेटरी मी. मंडळाचं चार पानी पत्रक मीच लिहायचो आणि ऑफिसच्या झेरॉक्सवर चोरून छापायचो. त्यात मी त्यांना 'माजी वनसल्लागार' करून टाकलं. सरकारला पस्तीस वर्षांत जी बढती द्यायला जमली नाही ती मी अडीच ओळींत दिली.

पत्रकातलं वाचून दाखवलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "नाकेदार होतो मी."

नाकेदार म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. नाक वर असलेला कुणी बडा अधिकारी असावा असं वाटून मी मान डोलावली. पुढे कळलं, विदर्भात जंगलाच्या गार्डला नाकेदार म्हणतात. खाकी चड्डी, हातात काठी, आणि उन्हाळ्यात आग लागली की काठीच्या जागी हिरवी फांदी.

मंडळाने त्यांचं भाषणही ठेवलं. विषय मी दिला होता, 'अरण्य आणि मानव'. आबाजी उठले आणि म्हणाले, "आग फांदीनं मारू नये, दाबावी. मारली का ठिणग्या उडते." आणि बसले. टाळ्या कधी वाजवाव्यात हे कुणाला कळेना. शेवटी कुणीतरी विचारलं, वाघ पाहिला का कधी?

"वाघ आपल्याले पाहते," ते म्हणाले. भाषणातला हा भाग लोकांना आवडला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि तो उन्हाळा फार कोरडा गेला. आमच्याकडे हिरवळीला पाणी घालायची बंदी आली आणि सगळा रस्ता पापडासारखा झाला. पण खरी आग लागली होती पश्चिमेकडे, हजारो मैल लांब. रोज संध्याकाळी बातम्यांत डोंगरच्या डोंगर पेटलेले दिसायचे, विमानं लाल पावडरीचं पाणी ओतायची, आणि आम्ही एसी लावून, पुढ्यात चिवडा घेऊन ते बघायचो.

बघता बघता आम्ही सगळे तज्ज्ञ झालो. आमच्यातले हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, जळू द्या, निसर्ग आपली बायपास आपणच करतो. एका कंप्युटरवाल्याने हेलिकॉप्टरमधून बर्फ टाकायची योजना पेपर प्लेटवर काढून दाखवली. कुणी पाऊस पडावा म्हणून होम करायचं सुचवलं. ते सर्वानुमते मंजूर झालं, पण उघड्यावर होम करायला फायर डिपार्टमेंटची परवानगी लागणार होती आणि कोरड्या हवेमुळे ते कुणालाच काही पेटवू देत नव्हते. गॅरेजमध्ये करावा तर स्मोक अलार्म. आग विझवायला आग लावायची परवानगी मागायला कोण जाणार? फोन करायचं सेक्रेटरीवर, म्हणजे माझ्यावर आलं. मी अजून केलेला नाही.

या सगळ्या गप्पांत मधुकर आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गप्प असायचे. कारण त्यांची शैला तिकडेच होती.

शैला एकोणीस वर्षांची, इथेच जन्मलेली. कॉलेजात तिचं 'शीला' झालं होतं आणि घरच्यांनी तिला डॉक्टरकीच्या रस्त्याला लावलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती डोंगरातल्या कसल्याशा कॅम्पवर काम करायला गेली. आईबापांना वाटलं, पक्षी मोजत असेल. जुलैत तिचा फोन आला की ती आग विझवणाऱ्या तुकडीत आहे, कुदळ-फावडं घेऊन. वीस जणांत मुली दोन.

मंडळात मात्र वहिनी सांगायच्या, "वेस्टला रिसर्च करते. पर्यावरण आणि मेडिसिन." हेही मी पत्रकात छापलं. मधुकरची पंचाईत तुमच्या लक्षात आली असेल. बाप नाकेदार होता म्हणून त्याला ऑफिसर केला, शिकून अमेरिका गाठली, दोन गाड्या घेतल्या, आणि पोरगी जाऊन नाकेदार झाली.

आबाजींना यातलं काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं. दर रविवारी दुपारी शैला तळावरच्या फोनवरून कलेक्ट कॉल करायची, म्हणजे पैसे बापाने भरायचे. आईबापांचं 'जेवलीस का, परत ये' झालं की आबाजी रिसीव्हर घ्यायचे आणि विचारायचे, "वारा काय म्हणते?" ती आपल्या मोडक्या मराठीत सांगायची. आजवर त्या दोघांना बोलायला विषय सापडला नव्हता, तो आता सापडला होता.

ऑगस्टमध्ये आगी आणखी भडकल्या. एका शनिवारी मधुकरने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिला परत आणायचं ठरलं होतं आणि ती सरळ सांगून येणार नव्हती. आता मी जे सांगतो त्याचं श्रेय मधुकरला देता आलं असतं तर बरं झालं असतं, पण कल्पना माझी.

"आबाजी आजारी आहेत म्हणून सांगा," मी म्हणालो.

आपल्याकडे हे औषध जुनं आहे. लग्नाला तयार नसलेली मुलं, मुंबईत रमलेले भाऊ, सगळे याने घरी येतात. आजार कोणता यावर चर्चा झाली. पोटदुखीने कुणी येत नाही. हार्ट अटॅक म्हटला तर वहिनींना अशुभ वाटत होतं. शेवटी 'छातीत दुखतं, साधंच आहे, पण तुझी आठवण काढतात' इथे एकमत झालं. आबाजींनी काय बोलायचं ते मी एका कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहूनही दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

रविवारी दुपारी फोन वाजला. मधुकरने स्वयंपाकघरातला रिसीव्हर आबाजींच्या हातात दिला आणि स्वतः बेडरूममधला उचलायला गेला. वहिनी ओट्याशी, मी दाराशी.

"वारा काय म्हणते?" आबाजींनी विचारलं.

तिकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. आबाजी हं हं करत राहिले. मग बेडरूममधून मधुकरचा आवाज आला, भिंतीतून एकदा आणि फोनमधून एकदा. "आबा, छातीचं सांगा."

"डॅड, आर यू ऑन द लाइन?" हे मात्र मला दारातसुद्धा ऐकू आलं.

आबाजींनी खिशाला हात लावला. कार्ड काढतील असं मला वाटलं. त्यांनी हात तसाच ठेवला आणि म्हणाले, "मी ठणठणीत आहो, पोरी. मले काही झालं नाही. तू उभी कुठं राहतेस? पाय कशात आहे?"

ती काहीतरी म्हणाली.

"हं. काळ्यात. जमीन जळून गेली तिथंच. पुन्हा जळत नाही ते. वर पळायचं नाही, आग चढावाले पळते. आणि इकडची काळजी करायची नाही. इकडं सगळे खाऊन पिऊन आहे."

फोन ठेवला आणि मधुकर बाहेर आला. इतका चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. तिला काही झालं तर, एवढंच तो तीनदा म्हणाला.

आबाजी खुर्चीवर बसले. या वेळी वारा विचारला नाही.

"माझ्या जोडीला एक नाकेदार होता," ते म्हणाले. "आम्ही आगीवर होतो. त्याच्या आईनं निरोप धाडला, बायको अडली आहे, लवकर ये. बायको चांगली होती. आईले पोरगा आगीतून काढायचा होता. त्यानं घरचा जवळचा रस्ता धरला. आगीच्या वरच्या अंगानं."

वहिनींनी नळ बंद केला.

"निरोप मीच पोचवला होता," आबाजी म्हणाले. मग खिशातून कार्ड काढून त्यांनी ते माझ्या हातात परत दिलं. "अक्षर चांगलं आहे तुमचं."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्या आठवड्यात तिकडे वादळी वारा सुटला होता आणि टीव्हीवर डोंगराऐवजी नुसता धूर दिसत होता. कुणाला फोन करावा तर तळावर कुणी उचलत नव्हतं. मधुकर बापाशी बोलत नव्हता. आबाजी सकाळपासून मागच्या अंगणात बसायचे आणि दर तासाला त्या वाळलेल्या हिरवळीतून चिमूट घेऊन सोडायचे. आमच्या वाऱ्याला तिकडचं काय माहीत असणार? म्हणून मी रोज सकाळी वर्तमानपत्रातला हवामानाचा नकाशा घेऊन जायचो आणि बाण वाचून दाखवायचो. एकदा मी बाण उलटा वाचला. ते दुपारी जेवले नाहीत. चूक कळल्यावर मी परत सांगायला गेलो तेव्हा म्हणाले, "हरकत नाही. पण उद्या चष्मा लावून या."

अकराव्या दिवशी सकाळी फोन आला. मधुकरनेच उचलला. एक मिनिट त्याने ऐकलं आणि रिसीव्हर बापापुढे धरला.

"आबाजी, स्नो!" ती म्हणत होती. "बर्फ पडतो, आबाजी!"

विमानं, पावडरी आणि आमच्या पेपर प्लेटवरच्या योजनांना जे जमलं नाही ते सप्टेंबरातल्या एका हिमवर्षावाने केलं. हेलिकॉप्टरमधून बर्फ टाकायचं सुचवणारा आमचा कंप्युटरवाला अजून त्याचं श्रेय घेतो.

शैला घरी आली तेव्हा उन्हाने काळवंडलेली, भुवया जळालेल्या. वहिनींनी तिला जवळ घेतलं आणि लगेच नाक मुरडलं. केसांना अजून धुराचा वास होता. आबाजींनी तिचे दोन्ही तळहात उघडून पाहिले. इतर घरांत प्रगतिपुस्तक बघतात तसे. कुठे कुठे घट्टे पडलेत ते बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "फावडं फार खाली धरते तू. थोडं वर धर."

डॉक्टरकी तिने सोडली. त्यावर त्या घरात काय झालं ते शेजारी असून मी सांगणार नाही. भिंती पातळ आहेत एवढंच सांगतो.

डिसेंबरात आबाजी परत गेले. इथे थंडीत गवत बर्फाखाली जातं, मग विचारायचं कशाने, असं म्हणाले. विमानतळावर मला बाजूला घेऊन त्यांनी पत्रकाची गोष्ट काढली. "ते सल्लागार खोडा तेवढं." मी हो म्हणालो. पुढचा अंक निघाला नाही. ऑफिसात झेरॉक्सला कुलूप लागलं. जूनमध्ये गावाहून फोन आला की ते झोपेतच गेले.

ऑगस्टमध्ये मंडळाची पिकनिक होती. मी ग्रिलवर कोळसे रचत होतो. टेबलापाशी मधुकरशेजारी ओहायोहून नवीन आलेले एक डॉक्टर बसले होते. नवीन लोकांना आम्ही जुनी पत्रकं वाचायला देतो. त्यांनी विचारलं, "तुमचे वडील वनसल्लागार होते ना?"

मी मान ग्रिलमध्ये घातली.

"नाही," मधुकर म्हणाला. "नाकेदार होते."

"म्हणजे?"

"फॉरेस्ट गार्ड."

"अच्छा, अच्छा." डॉक्टर थोडे अडखळले. "आणि मुलगी मेडिसिनच्या रिसर्चला आहे असं वाचलं."

"तीही नाकेदार," मधुकर म्हणाला. "आत्ता तिकडेच आहे."

मी घाईघाईत कोळशावर जास्तच तेल ओतलं आणि काडी टाकली. वारा विचारायचा राहून गेला. धुराचा लोट सरळ टेबलावर गेला आणि सगळे आपापल्या प्लेट्स उचलून, मला नावं ठेवत पलीकडे पळाले. मधुकर तेवढा हलला नाही. धुरातच तो वाकला, चिमूटभर गवत उपटलं, हात डोक्याच्या वर नेला, आणि चिमूट सोडायची विसरला.