तोडीचा नंबर

शिवाजी पेठेत एका तालमीसमोर आमचं ऑफिस आहे. तिथं बसून मी एका साखर कारखान्यासाठी ऊसतोडीची क्रमवारी लावणारा प्रोग्रॅम लिहिला. वडील गावी, मलकापूरकडं. त्यांचा ऊस त्याच कारखान्याला जायचा, त्यामुळं हंगाम सुरू झाला की संध्याकाळी त्यांचा फोन ठरलेला.

"कितवा नंबर हाय आपला?"

मी सांगायचो. दुसऱ्या दिवशी नंबर कधी मागं गेलेला असायचा आणि ते भडकायचे. "काल फुडं हुतो की! मधी घुसलं कोण?"

कुणी घुसलेलं नसायचं. नंबर कुठं लिहून ठेवलेलाच नसतो. ज्या घडीला विचाराल त्या घडीला उसाचं वय, वाण आणि कारखान्यानं सभासदाला दिलेले गुण यांची बेरीज होते आणि जास्त बेरीजवाला वर येतो. कुणाची नोंद दुरुस्त झाली तरी सगळी यादी हलते.

"म्हंजे रोज नव्यानं परीक्षा व्हय!" ते म्हणाले. आणि वर, "तुरा यायच्या आत जाऊ दे म्हंजे झालं." तुरा आला की ऊस आतून पोकळ पडत जातो.

दिवाळी झाली आणि ते गेले. शेतातून आले, पाणी मागितलं, आईनं तांब्या आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मला रडू आलं नाही. दिवसकार्य उरकून कामावर आलो. लोक म्हणाले, पोरगा घट्ट आहे. घट्ट कसला, बधिर होतो. दुपारी जेवलो का, हेही आठवायचं नाही.

फोनच्या वेळेला सवयीनं त्यांचा तोडीचा नंबर बघितला. सगळ्यात शेवटी. परवा लावलेल्या उसाच्याही खाली. कारखान्यातल्या क्लार्कला विचारलं.

"मयत सभासदाचं गुण आमी काढून ठेवतो," तो म्हणाला. "वारस लागला की परत भरायचं. रीतच हाय पावणं."

म्हणजे रकाना कोरा. कोऱ्यात काहीही मिळवा, बेरीज कोरीच येते. शून्यसुद्धा येत नाही, आणि कोरी बेरीज यादीत सगळ्यांच्या खाली जाते. त्या हंगामात ज्यांच्या ज्यांच्या घरचं माणूस गेलं, ते सगळे तळाला जाऊन बसले होते. कारखान्याच्या साहेबांना हे सांगितलं. "मग शून्य धरा की," ते म्हणाले. मी धरलं. यादी हलली आणि तळाचे सगळे उसाच्या वय-वाणाप्रमाणं वर आपापल्या जागी गेले. मला काहीच वाटलं नाही.

तोडीची टोळी आली तेव्हा मी बांधावर उभा होतो. शेवटची मोळी ट्रॉलीत चढली. शेजारच्या रानात तुरे दिसायला लागले होते, आमच्यात एकही नव्हता.

आई म्हणाली, "तुऱ्याआधी गेला बघ. सांग की त्यास्नी."

बोलली आणि तिनं पदर तोंडाला लावला. माझा हात तोवर खिशातल्या फोनवर गेला होता. तिथंच, तोडलेल्या उसाच्या पाचटात बसून, मी रडलो.